बारा टीमांचा ताळेबंद: फँटसी बेसबॉल लीगचा प्रीव्ह्यू कसा मांडायचा

फँटसी बेसबॉलमध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमधले खरे खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपली टीम मोजायची. ही वाटणी, म्हणजे ड्राफ्ट, संपून दोन दिवस होत नाहीत तोच लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी कोणाची टीम कितवी येणार याची यादी टाकतं. पहिला अमका, शेवटचा तमका, मध्ये चार टोमणे. सप्टेंबरअखेर ती यादी उलटी टांगली असती तरी तेवढीच खरी ठरली असती, असं आमच्या लीगमध्ये तीनदा झालंय. त्यातली एक यादी माझी होती. मी स्वतःला पहिला नंबर दिला होता आणि आठवा आलो.

बेसबॉल कळत नाही म्हणून असं होत नाही. यादी करणारे रात्र रात्र सामने बघणारे लोक असतात. घोळ कामाच्या क्रमात असतो. आधी मत बनतं आणि मग त्याच्या सोयीचे आकडे शोधले जातात. खालचा क्रम याच्या उलट आहे. त्यातल्या पायऱ्या पुढेमागे करू नका.

उदाहरणासाठी सगळ्यात प्रचलित साचा धरतो: १२ टीम, प्रत्येकी २३ खेळाडू, त्यात १४ बॅटर आणि ९ पिचर. पद्धत रोटिसरी, म्हणजे सीझनभराच्या बेरजेवर प्रत्येक कॅटेगरीत टीमांचा क्रम लावायचा. बॅटिंगच्या पाच कॅटेगरी म्हणजे रन, होम रन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आणलेले रन), स्टोलन बेस (चोरून गाठलेला पुढचा बेस) आणि अ‍ॅव्हरेज. इथे अ‍ॅव्हरेज म्हणजे दर अ‍ॅट-बॅटमागे, म्हणजे वॉक सोडून बॅटिंगच्या दर खेपेमागे, किती हिट. पिचिंगच्या पाच म्हणजे विन, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे फिल्डिंगच्या चुकांशिवाय गेलेले) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक, म्हणजे फुकटचे बेस). प्रत्येक कॅटेगरीत पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १.

क्रिकेटच्या फँटसीतून इकडे आलेल्यांसाठी एक सूचना. तिथे टीम एका सामन्यापुरती असते, त्यामुळे कालचा फॉर्म आणि आजचं पिच बघून भागतं. इथे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, साधारण २६ आठवडे आणि १६२ सामने आहेत. गेल्या आठवड्यात कोण तापला होता हे इथे जवळपास निरुपयोगी आहे.

टप्पा १: नियमांचं पान उघडा

आठवणीवर जाऊ नका. लीगच्या सेटिंगचं पान उघडा आणि कागदावर उतरवून घ्या. गेल्या वर्षी मतदान घेऊन बदललेला नियम निम्म्या लोकांच्या लक्षातही नसतो.

सगळ्यात आधी बघा, अ‍ॅव्हरेज मोजतात की ओबीपी (वॉक धरून बॅटर किती वेळा बेसवर पोचतो ते). काइल श्वारबरने २०२३ मध्ये ४७ होम रन मारले आणि त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .१९७. अ‍ॅव्हरेजच्या लीगमध्ये असा खेळाडू दोन कॅटेगरी उचलतो आणि एक बुडवतो. त्याच वर्षी त्याचा ओबीपी .३४३ होता, म्हणजे ओबीपीच्या लीगमध्ये तोच खेळाडू कुठेही ओझं नाही. हुआन सोटोचं त्या वर्षीचं अ‍ॅव्हरेज .२७५, ओबीपी .४१०. ही एक ओळ वाचायची राहिली तर चार टीमांचं स्थान चुकतं.

मग बघा, लाइनअप रोज बदलता येतो की आठवड्यातून एकदा. रोज बदलता येत असेल तर बाकावरचे दोन-तीन बॅटर खऱ्या उपयोगाचे असतात. फक्त डावखुऱ्या पिचरविरुद्ध खेळणारा बॅटर तिथे पैसे वसूल करून देतो. आठवड्याच्या लीगमध्ये तो अडगळ.

पिचरांच्या इनिंगची मर्यादा हाही असाच विसरला जाणारा नियम. काही लीगमध्ये ती १,४०० असते. अशा लीगमध्ये जास्त पिचर गोळा करून स्ट्राइकआउट वाढत नाहीत, दर इनिंगमागचे स्ट्राइकआउट किती हे महत्त्वाचं ठरतं. याशिवाय आयएलच्या, म्हणजे जखमींच्या यादीच्या, जागा किती, एखादी पोझिशन मिळायला किती सामने लागतात आणि बॅटिंग-पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी तुमच्या लीगमध्ये एक खेळाडू आहे की बॅटर-ओहतानी आणि पिचर-ओहतानी असे दोन, हे लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नावरून आमच्याकडे भांडण झालंय, म्हणून सांगतो.

*तपासा:* कागदावर किमान सात ओळी झाल्या का? नसतील तर पान नीट वाचलेलं नाही.

टप्पा २: रोस्टर एकाच वेळी गोठवा

सगळ्या बारा टीमांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, एकाच बैठकीत उतरवा. चार टीम रविवारी आणि उरलेल्या गुरुवारी असं केलं की मधल्या तीन दिवसांतल्या वेव्हर (मोकळे खेळाडू उचलणं) आणि ट्रेडमुळे एकच पिचर दोन टीमांत मोजला जातो. हे हमखास होतं.

तारीखही जपून निवडा. सीझन सगळीकडे एकाच दिवशी सुरू होतो असं नाही. २०२४ मध्ये डॉजर्स आणि पाद्रेस यांचे सामने सोलमध्ये २० आणि २१ मार्चला झाले. २०२५ मध्ये डॉजर्स आणि कब्ज टोकियोत १८ आणि १९ मार्चला खेळले. बाकीच्यांचा सीझन दोन्ही वेळा आठवडाभराने सुरू झाला. अशा वर्षी त्या दोन क्लबांचे खेळाडू आधी लॉक होतात, तेव्हा रोस्टर त्याआधी उतरवा.

शीटमध्ये एका खेळाडूला एक ओळ द्या. रकाने एवढेच: नाव, फँटसी टीम, खऱ्या लीगमधला क्लब, कुठल्या जागेवर खेळवणार, दुखापत असेल तर परतीचा अंदाज.

जागा ठरवताना घाई करू नका. एखाद्याने तीन तगडे फर्स्ट बेसमन घेतले असतील तर फर्स्ट बेस, कॉर्नर (फर्स्ट किंवा थर्ड बेसवाला) आणि युटिलिटी (कोणताही बॅटर) या जागा त्यांच्यावर संपतात, आणि चौथा घेतला असेल तर तो बाकावर. त्याचे तीस होम रन टीमच्या बेरजेत येत नाहीत. उलट मुकी बेट्ससारखा खेळाडू २०२४ मध्ये सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्ड अशा तिन्हीकडे खेळला. अशा माणसाला जिथे टीमचं भोक आहे तिथे बसवा.

*तपासा:* सुरुवातीच्या ओळी १२ × २३ म्हणजे २७६ भरल्या पाहिजेत. २७५ किंवा २७७ आल्या तर पुढे जाऊ नका. बाकावरचे वेगळ्या पानावर.

टप्पा ३: खेळायला किती मिळणार?

अख्ख्या कामात सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्या. खेळाडू किती चांगला याचा अंदाज संगणक तुमच्यापेक्षा बरा करतो. खेळाडू किती खेळेल हे मात्र बातम्या वाचणारा माणूस बरं सांगू शकतो. तुमची मेहनत इथेच कामी येते.

बॅटरचं आधी घ्या. बॅटिंग ऑर्डरमध्ये एकेक जागा खाली गेलं की सीझनभरात साधारण १५ ते २० वेळा कमी बॅटिंग मिळते. पहिल्या क्रमांकावरून सातव्यावर गेलेला बॅटर शंभरेक संधी गमावतो, शिवाय त्याच्या पुढेमागे बेसवर माणसंही कमी असतात. मॅनेजरने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला कुठे खेळवलं ते बघा. सराव सामन्यांतल्या अ‍ॅव्हरेजकडे बघू नका. अ‍ॅरिझोना आणि फ्लोरिडातल्या त्या सामन्यांत सातव्या इनिंगला समोर कोण पिचर असतो हे त्याच्या क्लबलाही नीट आठवत नसतं. बघायचं ते एवढंच: बॅटिंगची जागा, फिल्डिंगची जागा आणि पिचर असेल तर त्याच्या चेंडूचा वेग.

स्टार्टिंग पिचरचं, म्हणजे सामना सुरू करणाऱ्याचं, गणित सरळ आहे. पाच जणांच्या रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीत, १६२ भागिले ५ म्हणजे जास्तीत जास्त ३२ किंवा ३३ स्टार्ट. सहा जणांचं रोटेशन असेल तर २७. हा फरक पाच-सहा स्टार्टचा, म्हणजे तीसेक इनिंगचा आणि तेवढ्याच स्ट्राइकआउटचा. क्लबने सहावा पिचर घेतल्याची बातमी आली की त्या क्लबच्या प्रत्येक स्टार्टरच्या इनिंग तपासा.

क्लोजर, म्हणजे आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर, ही सगळ्यात निसरडी जागा. सेव्ह गुणवत्तेवर कमी आणि नेमणुकीवर जास्त मिळतात. डेव्हिन विल्यम्स मिलवॉकीत असताना बेसबॉलमधल्या सर्वोत्तम रिलीव्हरांपैकी (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांपैकी) एक गणला जायचा. २०२५ मध्ये तो यांकीजकडे आला आणि एप्रिल संपायच्या आत त्याची क्लोजरची जागा गेली. ड्राफ्टमध्ये त्याच्यावर मोठी किंमत लावलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. जिथे मॅनेजरने क्लोजरचं नाव जाहीर केलेलं नाही तिथले सेव्ह दोघांत वाटून लिहा. बाजारात तुरी असताना एकालाच चाळीस सेव्ह देऊन बसू नका.

मग दुखापती. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने २०२३ मध्ये ४१ होम रन आणि ७३ स्टोलन बेस केले. मे २०२४ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, उजव्याचं २०२१ मध्येच झालं होतं. २०२५ मध्ये तो मेअखेर परतला, ९५ सामने खेळला, अ‍ॅव्हरेज .२९०, होम रन २१. स्टोलन बेस किती? ९. बॅट परत आली, पाय आले नाहीत. परतणाऱ्या खेळाडूचे जुने आकडे सामन्यांच्या प्रमाणात कापणं पुरेसं नसतं, कुठली दुखापत कुठली कॅटेगरी खाते हे बघावं लागतं. गुडघा आणि मांडीचा स्नायू स्टोलन बेस खातात, मनगट होम रन खातं.

पिचरच्या कोपराबद्दल आशावादी राहू नका. टॉमी जॉन म्हणजे कोपराच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट घेतले आणि २०२४ मध्ये तो फक्त दोन सामने खेळला. त्या मार्चमधल्या कुठल्याही प्रीव्ह्यूला हे आधी दिसणं शक्य नव्हतं. म्हणून एकाच पिचरवर उभ्या असलेल्या टीमच्या नावापुढे खूण करून ठेवा, सातव्या टप्प्यात लागेल.

मैदान बदललं का तेही बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे आणि तिथे चेंडू उडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अ‍ॅथलेटिक्स हा क्लब २०२५ पासून ओकलंडऐवजी वेस्ट सॅक्रमेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतायत हे विसरून ओकलंडच्या प्रशस्त मैदानाचे जुने आकडे वापरणारे भेटतात.

*तपासा:* एका क्लबच्या सगळ्या बॅटरना मिळून सीझनमध्ये साधारण ६,१०० ते ६,२०० वेळाच बॅटिंग मिळते. तुमच्या शीटमध्ये एखाद्या क्लबची बेरीज याच्या वर गेली असेल तर तुम्ही एकाच जागेवर दोघांना खेळवलंय.

टप्पा ४: सगळ्यांचं दळण एकाच गिरणीत

आता प्रोजेक्शन, म्हणजे यंदाच्या आकड्यांचे संगणकी अंदाज. फॅनग्राफ्स या साइटवर स्टीमर, झिप्स, एटीसी यांचे आकडे फुकट मिळतात. कुठलं घ्यावं यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझं मत विचाराल तर एटीसी घ्या, कारण ते मुळातच अनेक प्रोजेक्शनांची तोललेली सरासरी आहे. पण खरा नियम वेगळा: जे घ्याल ते बाराही टीमांना लावा. एका टीमला स्टीमर आणि दुसरीला एखाद्या मासिकाचे आकडे लावले की सगळी तुलना मोडते.

प्रोजेक्शनमधला दर घ्या आणि त्याला तिसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या संधींनी गुणा. दर ६०० संधींमागे २४ होम रन असतील आणि तुमच्या मते त्याला ५०० मिळणार असतील, तर २०. बस.

इथे हात शिवशिवतात. "मला वाटतं हा यंदा फुटणार" म्हणून कोणाचे आठ होम रन वाढवावेसे वाटतात. वाढवू नका. सोटोने २०२५ च्या आधी कुठल्याच वर्षी १२ हून जास्त बेस चोरले नव्हते. २०२५ मध्ये त्याने ३८ चोरले, वर ४३ होम रन. ते कुणाच्याच सूत्रात बसणारं नव्हतं. अशी एक लॉटरी दरवर्षी कोणाला तरी लागते, पण कोणाला लागेल हे मार्चमध्ये ठरवणं म्हणजे नुसता सट्टा.

दोन सापळे आणखी. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आणि मोठे बेस आले, आणि मेजर लीगभरातले स्टोलन बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. म्हणून "चाळीस स्टोलन बेस म्हणजे फार" हे जुनं माप वापरू नका. दुसरा सापळा म्हणजे गेल्या वर्षीचा ईआरए हाच यंदाचा धरणं. ब्लेक स्नेलने २०२३ मध्ये २.२५ ईआरएवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला, त्याच वर्षी ९९ वॉक दिले, जे सगळ्यात जास्त होते. एवढी माणसं फुकट बेसवर सोडून पुन्हा तोच ईआरए राखता येत नसतो. २०२४ मध्ये तो ३.१२ झाला. स्ट्राइकआउट आणि वॉक यांवर भरवसा ठेवा, ईआरए त्यांच्या मागून चालतो.

टप्पा ५: बेरीज, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक

दहाही कॅटेगरींत शाळेतली बेरीज चालेल असं वाटतं, पण ती सातांतच चालते. रन, होम रन, आरबीआय, स्टोलन बेस, विन, सेव्ह, स्ट्राइकआउट. अ‍ॅव्हरेज, ईआरए आणि व्हिप हे दर आहेत आणि दरांची सरासरी काढायची नसते.

समजा एका टीमकडे ६० इनिंगचा रिलीव्हर आहे, ईआरए १.५०. सोबत १८० इनिंगचा स्टार्टर, ईआरए ४.००. दोन्हींची सरासरी २.७५ येते आणि टीम झकास दिसते. आता नीट करा. रिलीव्हरने दिलेले अर्न्ड रन १०, स्टार्टरने ८०. एकूण ९० रन, २४० इनिंग. नऊने गुणून भागा: ३.३८. पावणेतीन आणि सव्वातीनच्या वर, या फरकात लीगमधल्या सहा-सात टीम बसतात.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. हिट वेगळ्या आणि अ‍ॅट-बॅट वेगळे बेरजेला घ्या, शेवटी एकदाच भागा. परत श्वारबर: २०२३ मध्ये ५८५ अ‍ॅट-बॅटमध्ये ११५ हिट. टीममधल्या बाकीच्या तेरा जणांचे प्रत्येकी ५०० अ‍ॅट-बॅट आणि अ‍ॅव्हरेज .२६० धरलं तर त्याच्या येण्याने टीम .२५५ वर उतरते. पाच पॉइंट. बहुतेकांना वाटतं तेवढं हे भयंकर नाही, पण गर्दीच्या लीगमध्ये यात तीन-चार गुण जातात. हा हिशेब न करता "अ‍ॅव्हरेज गेलं कामातून" असं लिहिणारेही चुकतात आणि "काही फरक पडत नाही" म्हणणारेही.

आणखी एक गोष्ट इथेच उरका. दुखापतीमुळे सात आठवडे बाहेर असलेल्याची जागा रिकामी राहत नाही, मालक वेव्हरवरून कोणाला तरी उचलतो. २६ पैकी ७ आठवडे त्या बदली माणसाचे आकडे टाका. वेव्हरवरचा बॅटर सीझनभरात २० होम रन मारणारा असेल तर सात आठवड्यांचे पाच. हे टाकलं नाही तर जखमी खेळाडू असलेल्या टीमा विनाकारण तळाला जातात.

*सावधान:* ही भर फक्त जखमींच्या जागेवर. सगळ्यांचाच बाक बेरजेत धरायला लागलात तर काही टीम १६२ ऐवजी १९० सामने खेळतायत असा हिशेब होईल.

टप्पा ६: गुण लावा

प्रत्येक कॅटेगरीत बारा टीम उतरत्या क्रमाने लावा, ईआरए आणि व्हिप चढत्या. १२ पासून १ पर्यंत गुण द्या. बरोबरी झाली तर गुण वाटून: पाचव्या आणि सहाव्या जागेवर दोघे असतील तर ८ आणि ७ मिळून १५, प्रत्येकी साडेसात.

*तपासा:* एका कॅटेगरीचे सगळे गुण मिळून ७८, दहा कॅटेगरींचे ७८०. अर्ध्या गुणाचाही फरक पडला तर कुठेतरी सूत्र चुकलंय. सर्वसाधारण टीम ६५ वर येते.

आता गुणांवर विश्वास ठेवायच्या आधी मधली अंतरं बघा. समजा होम रनमध्ये सहावी टीम २५१, सातवी २५०, आठवी २४९, नववी २४८. कागदावर सहावी आणि नववी यांच्यात तीन गुणांचं अंतर, प्रत्यक्षात तीन होम रनांचं, म्हणजे एका गरम दुपारचं. अशा चौघी एकाच पायरीवर धरा आणि गुण वाटून द्या. मी होम रनमध्ये ८, स्टोलन बेसमध्ये ८ आणि ईआरएमध्ये ०.०५ एवढ्या फरकापर्यंत बरोबरी मानतो. हे आकडे माझे, अनुभवाने ठरवलेले. तुमच्या लीगच्या जुन्या तक्त्यांवरून तुमचे ठरवा.

असं केलं की बारा क्रमांकांऐवजी तीन-चार घोळके दिसायला लागतात. प्रीव्ह्यूमध्ये खरं सांगण्यासारखं तेवढंच असतं.

टप्पा ७: शीटमध्ये न मावणारं

इथे पहिल्यांदा मत द्यायला परवानगी. पण मर्यादा ठेवा: कुठल्याही टीमला पाच गुणांहून जास्त वर किंवा खाली हलवायचं नाही.

टीम एकाच खेळाडूवर उभी आहे का बघा. ज्यांच्या नावापुढे तिसऱ्या टप्प्यात खूण केली होती, त्यांचा तो एक पिचर काढून टाका आणि गुण पुन्हा काढा. टीम चौथ्यावरून नवव्यावर गेली तर तसं लिहा. ज्या टीमला कोणीही एक खेळाडू गेल्याने फरक पडत नाही, तिला दोन-तीन गुण जास्त द्यायला हरकत नाही.

जास्तीचा माल बघा. तीन क्लोजर असलेली टीम सेव्हमध्ये पहिली येईल, पण पन्नास सेव्हांनी पहिलं येऊन काय करणार? तिसरा क्लोजर विकून ती मेमध्ये स्टोलन बेस आणू शकते. अशी टीम आजच्या गुणांपेक्षा चांगली असते, अर्थात मालक ट्रेड करणारा असेल तर.

आणि मालक बघा. गेल्या दोन वर्षांचा व्यवहारांचा लॉग लीगच्या पानावरच असतो, तोही वाचा. कोण दर आठवड्याला वेव्हरवर असतो, कोणाची शेवटची हालचाल ४ जुलैच्या सुट्टीची आहे, ते तिथे दिसतं. ऑगस्टअखेर अमेरिकन फुटबॉलच्या फँटसीचे ड्राफ्ट सुरू झाले की आमच्या लीगमधले तीन जण बेसबॉलकडे फिरकतही नाहीत. त्यांच्या टीमा मार्चमध्ये कितीही देखण्या असोत, सप्टेंबरात आयएलवरचे खेळाडू लाइनअपमध्ये तसेच पडलेले असतात. हे पाच गुण मी डोळे मिटून कापतो.

ड्राफ्ट व्हायच्या आधी लिहायचं असेल तर

कीपर लीगमध्ये, म्हणजे जिथे काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात तिथे, काही जण लिलावाआधीच प्रीव्ह्यू मागतात. तेव्हा रोस्टर अर्धवट असतात, मग पैशांनी मोजा. लिलावाचं बजेट प्रत्येकी २६० डॉलर, बारा टीम, एकूण ३,१२०. समजा राखलेल्या सगळ्या खेळाडूंची खरी किंमत १,२०० आहे आणि मालक त्यांच्यासाठी ७०० मोजतायत. बाजारात उरले २,४२० डॉलर, आणि घेण्यासारखा माल १,९२० चा. म्हणजे प्रत्येक वस्तू साधारण २६ टक्के महाग जाणार. ३० डॉलरचा बॅटर ३८ ला. ज्याने ४० चा खेळाडू १० मध्ये राखलाय त्याचा फायदा नुसता ३० चा नाही, कारण तोच खेळाडू आज बाजारात पन्नासला गेला असता. टीमा या बचतीच्या क्रमाने लावा आणि तिथेच थांबा. कॅटेगरीचे अंदाज या टप्प्यावर देऊ नका.

हेड-टू-हेड लीग (दर आठवड्याला एका टीमशी लढत) असेल तर सहावा टप्पा थोडा बदलतो. एकूण गुणांऐवजी प्रत्येक टीम बाकीच्या अकराशी कॅटेगरीवार लावून बघा, दहापैकी किती जिंकते ते मोजा. तिथे सगळीकडे पाचवी असण्यापेक्षा सहा कॅटेगरींत भक्कम आणि चारांत शून्य असणं चालून जातं. प्लेऑफ सप्टेंबरात असतात, आणि तेव्हा हरलेले क्लब आपल्या तरुण पिचरना विश्रांती देतात, हे लक्षात ठेवून पिचिंगवर उभ्या टीमांना थोडं खाली धरा.

टप्पा ८: आता लिहा

घोळक्यांच्या क्रमाने लिहा, तळापासून वर. वाचणारा आधी स्वतःची टीम शोधतो, मग ज्याच्याशी वैर आहे त्याची. म्हणून एकाही टीमला दोन ओळींत उडवू नका, तळाच्या टीमला तर मुळीच नको.

प्रत्येक टीमला एक परिच्छेद. त्यात तीन गोष्टी हव्यात: टीम कुठून गुण मिळवते, कुठे गळते, आणि काय घडलं तर ती दुसऱ्या घोळक्यात जाईल. समजा "झणझणीत मिसळ" नावाची टीम आहे. वाईट परिच्छेद असा: "मिसळची बॅटिंग तगडी आहे, पिचिंगची चिंता वाटते, सगळे फिट राहिले तर धमाल करतील." हे बारापैकी कोणाबद्दलही लिहिता येईल. बरा परिच्छेद असा: "होम रन आणि आरबीआयमध्ये मिसळ पहिल्या दोनात, अ‍ॅव्हरेजमध्ये अकरावी, आणि ते जाणूनबुजून केलंय. सेव्ह जवळपास शून्य. एकच क्लोजर आहे आणि त्याच्या क्लबने अजून नाव जाहीर केलेलं नाही. ती जागा त्याला मिळाली तर सात गुण वाढून मिसळ वरच्या घोळक्यात, नाही मिळाली तर मेपर्यंत एक होम रनवाला विकावा लागेल."

टाळायच्या गोष्टी:

- ड्राफ्टला मार्क देणं. पाचव्या फेरीतला खेळाडू सातव्या फेरीत मिळाला म्हणजे सौदा चांगला झाला, टीम चांगली झाली असं नाही. एडीपीशी (खेळाडू सरासरी कितव्या नंबरला उचलला जातो त्याच्याशी) तुलना करून मिळालेला ए ग्रेड आणि तळाचा तक्ता यांची भेट मी अनेकदा पाहिलीय.
- नाव मोठं, लक्षण खोटं. पस्तिशीतल्या ओळखीच्या खेळाडूंनी भरलेली टीम वाचायला भारदस्त वाटते. शीट काय म्हणते ते लिहा.
- दहा कॅटेगरींचे दहा आकडे परिच्छेदात ओतणं. तक्ता वेगळा जोडा, परिच्छेदात दोन-तीन आकडे पुरेत.
- टोमणा मालकाच्या घरच्या गोष्टींवर नेणं. त्याच्या बुलपेनवर, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यावर, हवा तेवढा हसा.

स्वतःच्या टीमचं काय? आपला तो बाब्या होतोच, कितीही ठरवलं तरी. माझा उपाय असा आहे की सातव्या टप्प्यात मी स्वतःच्या टीमला हातच लावत नाही, शीटने जो क्रमांक दिला तोच छापतो, आणि तिचा परिच्छेद लीगमधल्या दुसऱ्या कोणाला तरी लिहायला देतो. गेल्या खेपेला तो मजकूर वाचून दोन दिवस झोप लागली नाही, पण क्रमांक एका जागेने चुकला इतकंच.

टाकायच्या आधी एकदा बातम्या चाळा. रात्रीत कोणी आयएलवर गेला असेल तर शीट बदला आणि परिच्छेदात "आज सकाळी" असं लिहा. टाकल्यानंतर मात्र काहीही दुरुस्त करायचं नाही. शीटची एक प्रत तारखेसकट बाजूला ठेवा आणि सेल लॉक करा. ऑक्टोबरात खरे गुण शेजारच्या रकान्यात उतरवा आणि जिथे फरक १५ गुणांहून जास्त आला त्या टीमेपुढे एक शब्द लिहा: दुखापत, क्लोजर, ट्रेड किंवा मालक. माझ्या शीटमध्ये सगळ्यात जास्त वेळा "क्लोजर" आलंय, म्हणून आता तिसऱ्या टप्प्यात मी सुरुवात तिथूनच करतो.